खाकीचा सराटा

बेंगळुरूच्या पोस्टिंगवर असताना एका रविवारी आम्ही चौघे सायकली घेऊन होसकोट्याला गेलो. जुन्या मद्रास रोडनं साधारण २५ किलोमीटर. खरं सांगायचं तर गेलो होतो बिर्याणीसाठी. होसकोट्यात पहाटे चारला बिर्याणीची रांग लागते. ज्यानं पाहिली नाही त्याला हे खोटं वाटतं, ज्यानं पाहिली तो पुढच्या रविवारी परत जातो. पोटं भरल्यावर आम्ही गावच्या मोठ्या तळ्याकडे वळलो. बांधाजवळच्या मोकळ्या जागेत हिरवीगार, जमिनीला चिकटलेली चटई पसरलेली दिसली. आमच्यातला सगळ्यात तरुण, लातूरकडचा शिपाई, त्या चटईवर ऐसपैस बसला आणि बसला तसाच उठला.

"सर, सराटा!"

सराटा नव्हता. सराट्याला पिवळं फूल येतं आणि त्याचं फळ टणक, शिंगं फुटल्यासारखं असतं. इथं पानांच्या बगलेत मळकट पांढरे, कागदासारखे कोरडे बोंडुक होते आणि त्यांच्या प्रत्येक पाकळीचं टोक सुईसारखं होतं. पोराच्या पँटीला वीसेक चिकटले होते. ते काढताना माझ्या बोटांतही दोन घुसले आणि तेवढ्यात मला हे ओळखीचं असल्याचं आठवलं. जुने वाचक जाणतातच, मी एएससीचा, त्यातही ॲनिमल ट्रान्सपोर्टचा, म्हणजे खच्चरवाला. खच्चरांच्या लाइनीत, जिथं खुरांनी जमीन तुडवून दगडासारखी झालेली असते आणि दुसरं काही उगवत नाही, तिथं हे हमखास असतं. भर्तीनंतर पहिल्याच वर्षी आमच्या उस्तादांनी त्याचं नाव सांगितलं होतं, खाकी वीड. वर एक गोष्टही सांगितली होती, की गोऱ्यांनी बोअर युद्धात घोड्यांच्या चाऱ्यातून हे तण जगभर नेलं, म्हणून ते खाकी. पुढं मी स्वतः उस्ताद झालो आणि हीच गोष्ट दरवर्षी नव्या पोरांना सांगत आलो. त्या रविवारी लातूरच्या पोरालाही सांगितली. त्यानं विचारलं, "सर, पण नक्की का?"

बारा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर शोधण्यात पावसाळा गेला, आणि त्यातून हा लेख झाला.

आधी ओळख. हे तण आपल्या माठ, तांदुळजा, राजगिरा, आघाडा यांच्याच कुळातलं. त्याच्या प्रजातीला शास्त्रज्ञ अल्टरनॅन्थेरा म्हणतात. फुलात एक पुंकेसर परागाचा, एक वांझ, असे आलटून पालटून असतात, म्हणून हे नाव. नाव ठेवलं पेटर फोर्स्कल या वनस्पतिशास्त्रज्ञानं. डेन्मार्कच्या राजानं १७६१ मध्ये अरबस्तानकडे एक मोहीम पाठवली होती, त्यात तो होता. मोहिमेत माणसं सहा. फोर्स्कल १७६३ मध्ये येमेनमध्ये तापानं मेला. उरलेल्यांपैकी एक त्याच्या आधीच गेला होता, दोघे मुंबईकडे येताना जहाजावर गेले, डॉक्टर मुंबईत पोहोचून गेला. जिवंत राहिला एकटा कार्स्टन नीबूर. त्यानं मुंबईत मुक्काम केला, घारापुरीच्या लेण्यांची चित्रं काढली, आणि मायदेशी परतल्यावर १७७५ मध्ये मेलेल्या मित्राचं बाड छापून काढलं. त्या पुस्तकातून हे नाव जगाला मिळालं. सहा जणांतला एक परत येतो आणि बाकीच्यांचं सामान घरी पोहोचवतो, हे फौजीला समजावून सांगावं लागत नाही.

फोर्स्कलनं पाहिलं ते काटेरी भावंड नव्हे, तर साधं, खायचं. आपल्याकडे त्याला कांचरी म्हणतात, संस्कृतात मत्स्याक्षी. कन्नडमध्ये होनगोन्ने आणि तमिळमध्ये पोन्नांकण्णी. होसकोट्याच्या बाजारात त्याच्या जुड्या मिळतात. डोळ्यांना चांगली म्हणून बाळंतिणीपासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे खातात. काटेरी जातीचं शास्त्रीय नाव अल्टरनॅन्थेरा पंजेन्स, म्हणजे टोचणारी. कुंट या जर्मन शास्त्रज्ञानं हे नाव १८१८ मध्ये दिलं. तिचं मूळ घर दक्षिण अमेरिका. तिथून ती होसकोट्याच्या बांधावर आली, तर आणलं कुणी?

हे समजायला मला आधी होसकोट्याचाच इतिहास चाळावा लागला, आणि तिथं आपली माणसं भेटली.

होसकोटे म्हणजे नवा कोट. सुगटूरच्या तम्मेगौडांनी १५९५ च्या सुमारास तो बांधला. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेनं रणदुल्लाखान आणि शहाजीराजांच्या हाताखाली बेंगळुरू घेतलं. पुढं बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत आला. म्हणजे आम्ही सायकली लावल्या ती जमीन कधीकाळी राजांच्या दप्तरात नोंदलेली होती. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी इथंच एक रात्र अशी झाली की ती प्रत्येक पलटणीत शिकवायला हवी.

पहिलं इंग्रज-म्हैसूर युद्ध सुरू होतं. कर्नल स्मिथची मद्रास फौज होसकोट्याला तळ देऊन होती आणि शेजारी, थोडं अंतर सोडून, गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांचा तळ होता. (हो, ते तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं होते. त्या काळच्या बाजू आजच्या फूटपट्टीनं मोजू नयेत.) २२ ऑगस्ट १७६८ च्या रात्री हैदरअलीनं मुराररावांच्या तळावर घोडदळ सोडलं. हल्ला अंधारात, माणसं झोपेतून उठलेली. अशा वेळी सगळ्यात मोठा धोका शत्रूचा नसतो, आपलीच माणसं आपल्यांना कापतात त्याचा असतो. मुराररावांनी हुकूम दिला, कुणीही घोड्यावर बसायचं नाही. प्रत्येकानं आपल्या घोड्याच्या तोंडाशी उभं राहायचं, आणि जो स्वार दिसेल तो शत्रू समजून मारायचा. एका वाक्यात ओळखीचा प्रश्न सुटला. त्यात त्यांचा हत्ती जखमी होऊन सुटला आणि सोंडेत साखळी धरून फिरवत हल्लेखोरांच्याच गर्दीत घुसला. हल्ला मोडला. मार्क विल्क्सनं आपल्या म्हैसूरच्या इतिहासात हे सगळं लिहून ठेवलं आहे. मुराररावांचा शेवट मात्र वाईट झाला. १७७६ मध्ये हैदरनं गुत्ती घेतली आणि ते कब्बलदुर्गच्या कैदेत वारले.

मी खच्चरवाला असल्यामुळे मला त्या रात्रीच्या तलवारींपेक्षा सकाळच्या चाऱ्याचा विचार जास्त पडतो. त्या हजारो घोड्यांनी दुसऱ्या दिवशी खाल्लं काय? उत्तर मराठीत एका शब्दात आहे. कही. मराठी फौजेत गवत-लाकूड आणायला जी टोळी तळाबाहेर पडायची ती कही. चंदीचा दाणा मिळाला तर बरोबर असायचा, पण वैरण रोजच्या रोज आसपासच्या रानातून यायची. त्यामुळे फौज जिथं थांबली तिथलं रान बोडकं व्हायचं आणि रयतेचे हाल व्हायचे. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्धच आहे. पावसाळाभर दाणा-वैरण पुरवून वापरा, रयतेकडून ओरबाडू नका, आगीला जपा असं त्यात बजावलं आहे. सप्लाय कोअरचं पहिलं पुस्तक म्हणून ते आमच्या सेंटरमध्ये लावायला हवं असं माझं मत आहे.

पण कहीचा एक गुण होता. त्या पद्धतीत घोडा स्थानिक गवत खायचा आणि स्थानिक बीच लिदीतून टाकायचा. वीस-पंचवीस कोसांपलीकडचं तण त्यातून फारसं येत नसे. १७६८ च्या होसकोट्यात घोड्यांची एवढी गर्दी होती, तरी त्या चाऱ्यातून परदेशी काटा यायला वाटच नव्हती.

सव्वाशे वर्षांनंतर ती वाट पडली.

१८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. बोअर म्हणजे तिथं वसलेले डच वंशाचे शेतकरी. उत्तम घोडेस्वार, नेमबाज, आणि गनिमी काव्यात तरबेज. त्यांच्या मागं धावायला इंग्रजांनी जगभरातून घोडे गोळा केले. अर्जेंटिना, अमेरिका, हंगेरी, ऑस्ट्रेलिया, जिथं मिळेल तिथून. तीन वर्षांत पाच लाखांहून जास्त घोडे त्या लढाईत उतरवले गेले आणि तीन लाखांहून जास्त मेले. गोळ्यांनी कमी, उपासमार, थकवा आणि रोगानं जास्त. बोटीवरून उतरवला की दुसऱ्या दिवशी कूच, असा प्रकार. मला हा आकडा वाचून जेवण गेलं नाही. एका जनावराला रोज आठ-दहा किलो सुकी वैरण लागते, हा माझ्या रोजच्या हिशेबातला आकडा. तो लाखांनी गुणून पाहा. एवढी वैरण तिथल्या माळावर कुठून येणार? ती जहाजांतून आली, गठ्ठे बांधून, आणि त्यात अर्जेंटिनाचा मोठा वाटा होता.

गठ्ठा काय चीज असते हे ज्यानं फोडलाय त्याला विचारा. वरून गवत दिसतं. आत काडी, माती, मेलेले किडे आणि ज्या माळावर ते कापलं त्या माळाची सगळी बीजं. कोरडा बोंडुक तर गठ्ठ्यात घट्ट अडकून बसतो. जहाजात चार-सहा आठवडे राहून त्याचं काही बिघडत नाही. छावणीत गठ्ठा फोडला की तो खाली पडतो, आणि खाली नेमकी त्याच्या आवडीची जमीन असते. तुडवलेली, उघडी, मूत-लिदीनं पोसलेली. दुसरी झाडं खुराखाली मरतात, हे मरत नाही. जाड मुळी खोल जाते, फांद्या जमिनीला टेकून पेरापेरावर नवी मुळं टाकतात, आणि बोंडुक पुढच्या खुराला चिकटून पुढच्या छावणीत जातो.

बोअरांना आपल्या शेतात हे नवं तण दिसलं, तेव्हा त्यांनी त्याला नाव दिलं 'काकी-डबल्की'. (आपल्याकडे काकी म्हणजे भलतंच, पण त्यांच्या भाषेत खाकीचा उच्चार तसा.) डबल्की म्हणजे त्यांचा सराटा. आपल्या माळावर असतो तोच, त्याच जातीचा. म्हणजे शब्दशः 'खाकीचा सराटा'. इंग्रज सैनिकांना ते खाकी म्हणत. शेतं जाळली, बायकापोरं कँपात कोंडली, आणि जाताना काटे पेरून गेले, एवढं सगळं त्या एका नावात आहे. त्याच युद्धातून आलेल्या दुसऱ्या एका तणाला, रानझेंडूसारख्या वास मारणाऱ्या झुडपाला, ते आजही खाकीचं झुडूप म्हणतात.

आता गंमत बघा. तो खाकी शब्द आपल्या मातीतला. खाक म्हणजे धूळ. १८४० च्या दशकाच्या शेवटी पेशावरकडे हॅरी लम्सडेननं कोअर ऑफ गाइड्स उभी केली, तेव्हा लाल कोटाऐवजी धुळीच्या रंगाचे कपडे दिले आणि त्यांना हिंदुस्तानी नाव पडलं. बोअर युद्ध हे इंग्रजांचं पहिलं मोठं परदेशी युद्ध जे पूर्णपणे खाकीत लढलं गेलं. म्हणजे हिंदुस्तानातला शब्द आफ्रिकेत गेला, दक्षिण अमेरिकेतल्या काट्याला चिकटला, ऑस्ट्रेलियातही तेच नाव रुजलं, आणि शेवटी माझ्या उस्तादांच्या तोंडून खच्चरांच्या लाइनीत परत आला.

बेंगळुरूच्या छावणीचाही या युद्धाशी थेट धागा आहे. विन्स्टन चर्चिल इथं चौथ्या हुसार्समध्ये होता. १८९९ मध्ये तो निघून गेला आणि त्याच वर्षी वार्ताहर म्हणून दक्षिण आफ्रिकेत पोहोचून बोअरांच्या हाती लागला. बेंगलोर क्लबातली त्याची १३ रुपयांची उधारी अजून वह्यांत आहे. चर्चिल सगळ्यांना माहीत असतो. माहीत नसतात ती बाकीची माणसं.

अधिकृतपणे ते गोऱ्यांचं युद्ध होतं, हिंदी पलटणी लढायला पाठवल्या नाहीत. पण हिंदुस्तानातून गेलेल्या गोऱ्या रेजिमेंटांबरोबर मोतद्दार, भिस्ती, धोबी, नालबंद असे हजारो लोक गेले. जोहान्सबर्गला ऑब्झर्व्हेटरी टेकडीवर त्यांचं स्मारक आहे. हिंदी सेनेतले अधिकारी, जवान यांच्याबरोबर पशुवैद्यक सहायक, नालबंद आणि इतर नोकर जे १८९९ ते १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मेले, त्यांच्या स्मृतीसाठी ते उभारलं आहे. कुठल्या युद्धस्मारकावर नालबंदाचा उल्लेख मी प्रथमच वाचला. आमच्याकडे अजून नालबंद आहेत. मी त्यांना मोबाइलवर स्मारकाचा फोटो दाखवला. एकानं तो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

अर्जेंटिनाचे ते गठ्ठे कुणी फोडले असतील? साहेबांनी नव्हे. ते काटे आधी आपल्या मोतद्दारांच्या बोटांत गेले असणार. खाकी वीडचा इतिहास सांगताना मी इतकी वर्षं 'गोऱ्यांनी नेलं' असं म्हणत होतो. हुकूम गोऱ्यांचा, हात मात्र आपले.

त्याच युद्धाचं दुसरं टोक आपल्या नगरात आहे. पकडलेले बोअर कैदी इंग्रजांनी जगभरच्या छावण्यांत पाठवले. १९०१ पासून त्यातले नऊ हजारांच्या आसपास हिंदुस्तानात आले. अहमदनगर, सातारा, बेळ्ळारी, त्रिचनापल्ली अशा ठिकाणी त्यांचे कँप होते. आजचं अहिल्यानगर आर्मर्डवाल्यांना घरासारखं. तिथं रणगाडे चालवायला शिकलेल्या किती जणांना ठाऊक असेल की त्याच गावात बोअर शेतकरी तारेच्या कुंपणामागं बसून आपल्या जळलेल्या शेतांच्या बातम्या ऐकत होते?

आता लातूरच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. गोष्ट खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. हे तण १७३२ मध्येच इंग्लंडात होतं. लंडनजवळ एल्थमला एका बागेत ते वाढत होतं आणि डिलेनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचं चित्र छापलं. म्हणजे बोअर युद्धाच्या १६७ वर्षं आधी ते समुद्र ओलांडून आलेलं होतं. जहाजांच्या बॅलास्टमधून, लोकरीतून, बियाण्यातून अशा तणांना वाटा मिळतच होत्या. युद्धानं त्याला शोधलं नाही. युद्धानं त्याला मोठी वाहतूक दिली, आणि नाव दिलं. नाव हा पुरावा नसतो. पण ज्याच्या शेतात काटा उगवला त्याची साक्ष त्यात असते. मी आता पोरांना गोष्ट अशीच सांगतो. थोडी लांबते, पण चालतं.

या प्रजातीत तिसरं एक भावंड आहे, तेही सांगून टाकतो, कारण ते खाण्याशी संबंधित आहे. ॲलिगेटर वीड. हेही दक्षिण अमेरिकेचं, पण पाण्यावर पसरणारं. पोकळ दांडे, त्यावर तरंगणारी दाट हिरवी चटई. बेंगळुरूच्या तळ्यांत भरपूर आहे. ते दिसायला होनगोन्नेसारखं, आणि तिथंच फसगत होते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नकडे स्थायिक झालेल्या श्रीलंकन कुटुंबांनी आपली आवडती पालेभाजी समजून वर्षानुवर्षं परसात हेच लावलं होतं. सरकारी माणसांनी घरोघर जाऊन ते काढलं आणि बदल्यात त्याच प्रजातीतलं तिथलं स्थानिक, निरुपद्रवी रोप दिलं. मला हा उपाय फार आवडला. माणसाची भाजी नुसती काढून घेतली तर तो गपचूप परत लावतो.

होसकोट्याच्या बाजारात मी भाजीवाल्या अम्मांना मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, तुम्ही कसं ओळखता? त्यांनी जुडीतली एक काडी उचलून पानाच्या बगलेतला पांढरा गोंडा दाखवला. तो खोडाला थेट चिकटलेला होता. मग बोट उंच करून, मुठीनं गोंडा करून दाखवला, म्हणजे देठावर उभा असेल तर तो तळ्यातला, नको. शास्त्रज्ञ हीच खूण सांगतात. मग मी बांधाकडे हात करून काट्यांचं विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मुळ्ळु." काटा. त्याला त्यांच्या लेखी दुसरं नाव नव्हतं.

दिवाळीला सुट्टीवर गावी आलो. आमचं गाव माण तालुक्यात, पाऊस बेताचा. आईनं चहाच्या आधी मला घराच्या मागं नेलं, जिथं मी दरवेळी मोटारसायकल लावतो आणि ट्रंक उघडून सामान झटकतो.

"हे कसलं तण आणलंस रं? शेरडंबी तोंड लावंनात."

दोन हात रुंद चटई, गोल पसरलेली. मी आणलं असंच काही नाही. आपल्या महाराष्ट्रात हे तण रस्त्याकडेला पुष्कळ आहे, एसटीच्या टायरनंही आलं असेल. पण उगवलं होतं नेमकं माझ्या ट्रंकेच्या जागेवर. बुटांच्या तळव्याच्या खाचांत बघितलं तर तीन बोंडुक निघाले. मी आईला आफ्रिका, बोअर, घोडे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तर हिरवं घालतूस. मग खाकीचं तुझ्याकडं कसं आलं?"

दोघांनी मिळून उपटलं. वरून ओढलं तर फांद्या हातात येतात आणि मुळी खालीच राहते, म्हणून खुरप्यानं वीतभर खोल खणलं. पडलेले बोंडुक झाडूनं गोळा करून आईनं चुलीत घातले. पावसाळ्यात परत दोन कोंब आले, तेही तिनं काढले. आता मी गावी गेलो की दाराबाहेरच्या दगडावर बूट आपटून, तळवे खराट्यानं घासूनच आत यायचं, असा तिचा हुकूम आहे. मागच्या वेळी बरोबर आलेल्या लातूरच्या पोरालाही तिनं सोडलं नाही.